महिन्याचा शेवटचा दिवस कुणी पळवला?

१

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. मग वाचायचं कसं, असं विचारू नका, अर्धे मिटा.

आता एक खोली डोळ्यांपुढे आणा. फिनेलचा वास. भिंतीला लागून एक लांब बाक. बाकावर एक काकू, त्यांच्या मांडीवरच्या टोपलीत रागावलेलं मांजर. शेजारी एक आजोबा, त्यांच्या हातात पोपटाचा पिंजरा. खाली जमिनीवर वजनकाटा, आणि त्यावर काही केल्या बसायला तयार नसलेलं एक पिल्लू. दिसला ना प्राण्यांचा दवाखाना?

आता बाकाच्या टोकाला एक मुलगी बसवा. तिला सगळे मुंगी म्हणायचे. एक तर ती सतत इकडून तिकडे काहीतरी वाहून नेत असायची, आणि दुसरं म्हणजे बोलायला लागली की चावायची. या दवाखान्याची डॉक्टर म्हणजे तिची आई. शाळेला सुट्टी असली की मुंगीचा मुक्काम इथेच.

त्या सकाळी, महिन्याच्या पहिल्याच तारखेला, आतल्या खोलीतून धप्प असा आवाज आला. आई धावली, मागोमाग मुंगी. भुरी नावाची म्हातारी कुत्री आपल्या पिंजऱ्यात आडवी पडली होती. चारही पाय ताठ, तोंडाला फेस, डोळे कुठे भलतीकडेच. भुरीला फिट यायच्या, म्हणून तर तिला इथे ठेवलं होतं. त्यासाठी तिला रोज संध्याकाळी एक गोळी असायची. आईनं इंजेक्शन दिलं, भुरीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि हळूहळू भुरी सैल पडली.

"गोळी चालू असताना फिट आलीच कशी?" आई म्हणाली. "मुंगे, संगणकावरून गेल्या महिन्याचा तक्ता काढ बरं."

तक्ता म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या प्राण्याला कुणी औषध दिलं, याची यादी. मुंगीनं ती छापली. छपाईयंत्रातून कागद बाहेर येत होता तोवरच ती वाचायला लागली. महिनाभर भुरीपुढे रोज एक गोळी होती. शेवटच्या तारखेला मात्र तिचं नावच नव्हतं.

कुत्र्यांचं औषधपाणी बघायचा तो लंबूदादा. उंच, वाकून चालणारा, दारातून आत येताना दर वेळी डोकं आपटून घेणारा. तो नेमका बाहेरच्या खोलीत त्या पिल्लाला काट्यावर बसवत होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला! मुंगी कागद फडकवत बाहेर आली आणि भरल्या खोलीत ओरडली, "लंबूदादानं काल भुरीला गोळीच दिली नाही! म्हणून तिला फिट आली! हे बघा, कागदावर आहे!"

पोपटवाले आजोबा त्याच्याकडे बघायला लागले. मांजरवाल्या काकूंनी टोपली जवळ ओढली.

"दिली होती गं," लंबू म्हणाला. "मी स्वतः दिली."

आई बाहेर आली. तिनं कागद बघितला. "काल संध्याकाळी तू फार घाईत होतास. कुठे जायचं होतं?"

लंबूचे कान लाल झाले. त्यानं खाली बघितलं.

मग त्यानं पिल्लू अलगद खाली ठेवलं, पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेला. या वेळी दारात डोकं आपटलं नाही. मान इतकी खाली होती.

२

संध्याकाळी आत्या आली.

आत्या म्हणजे मुंगीच्या बाबांची बहीण. संगणकाची कामं करायची. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याचा जुना, खोकत चालणारा संगणक बंद पडायला आला, तेव्हा सगळ्या नोंदी जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत तिनंच हलवल्या होत्या. एक पैसा घेतला नव्हता. "नणंदेचं काम, फुकटचं पण फर्स्टक्लास," असं तेव्हा आई म्हणाली होती, आणि आत्यानं मान ताठ करून सांगितलं होतं, "वहिनी, एकही नोंद इकडची तिकडे झालेली नाही. तपासून घेतलंय."

आता आईनं तिच्यापुढे दोन कागद ठेवले. "गेल्या महिन्याचा तक्ता, आणि त्याच्या आधीच्या महिन्याचा. बघ. दोन्हीत शेवटच्या तारखेला लंबूचं नाव नाही. म्हणजे दर महिन्याला तो शेवटच्या दिवशी टाळाटाळ करतो. त्याला ठेवू कसा? मुक्या जिवांचा प्रश्न आहे. उद्या मी त्याला कायमचं घरी बसायला सांगणार आहे."

मुंगी कोपऱ्यात बसून होती. सकाळी तिला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. पण दुपारपासून मान खाली घालून जाणारा लंबूदादा डोळ्यांपुढून हलेना.

आत्यानं चष्मा डोक्यावर सरकवला. ती असं करायची तेव्हा समजायचं, आता प्रश्न येणार.

"काल लंबू कामावर आला होता का?"

"आला होता की. सकाळपासून."

"सकाळी काय केलं त्यानं?"

आई आठवायला लागली. "एक कुत्रं आलं होतं, पायाला जखम झालेलं. मी टाके घातले, त्यानं धरून ठेवलं. मग इंजेक्शन त्यानंच दिलं, माझ्या डोळ्यांदेखत. नोंदही लगेच केली, मी बघितली."

आत्यानं कागद आईच्या हातात दिला. "दाखवा मला ते इंजेक्शन."

आईनं शेवटच्या तारखेवरून बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. तिचा चेहरा उतरला.

"नाहीये," ती पुटपुटली.

"माणूस एक गोळी विसरतो, वहिनी. मान्य. पण तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं इंजेक्शनही इथे नाही. म्हणजे कामं झाली. नोंदी गेल्या." आत्या थांबली. "प्रश्न असा आहे की, कुणी नेल्या?"

३

नोंद पुसायची तर संगणकाचा परवलीचा शब्द हवा. तो तिघांनाच माहीत होता. आईला, आत्याला आणि नानांना.

नाना म्हणजे दवाखान्यातले सगळ्यात जुने मदतनीस. मांजरं, ससे आणि पक्षी त्यांच्याकडे. आणि गंमत बघा, दोन्ही महिन्यांच्या शेवटच्या तारखेला नानांच्या सगळ्या नोंदी तक्त्यात जिथल्या तिथे होत्या! एकही गेली नव्हती.

"नानांनीच पुसलं असेल!" मुंगी ताडकन उठली. "त्यांना लंबूदादा आवडत नाही. ते म्हणतात, आजकालच्या पोरांना काम नको, नुसती बटणं दाबायला हवीत!"

आत्यानं तिच्याकडे नुसतं बघितलं. "मुंगे, सकाळच्या एका चाव्यानं पोट भरलं नाही का?"

मुंगीचं तोंड भाजल्यासारखं झालं. ती खाली बसली. एकाच दिवसात दुसऱ्यांदा ती तेच करायला निघाली होती, आणि तेही नानांच्या बाबतीत, ज्यांनी तिला सशाचं पिल्लू कसं धरायचं ते शिकवलं होतं.

नाना आत आले. खांद्यावर टॉवेल, बाहीला मांजराचे केस.

"बसा नाना," आत्या म्हणाली. "लंबू कसा आहे कामाला?"

"पोरगा वाईट नाही. उंटासारखा आहे, सगळीकडे धडकतो. पण हात हलका आहे. कुत्री त्याच्याकडून गोळी लाडूसारखी खातात."

"काल संध्याकाळी तो घाईत कुठे गेला?"

नानांनी टॉवेलाला तोंड पुसलं. "ते मला विचारू नका. मी शब्द दिलाय."

"बरं. तुम्ही नोंदी कशा करता?"

"कशा म्हणजे? हातानं!" नाना छाती पुढे काढून म्हणाले. "ते 'आत्ता' लिहिलेलं बटण आहे ना तुमचं, ते मी दाबत नाही. दाबलं की यंत्र आपल्या मनानं तारीख भरतं. त्याला काय ठाऊक आज कोणती तारीख? मी सगळं काम उरकतो, मग खुर्ची ओढून बसतो आणि एकेक तारीख स्वतः लिहितो. लंबू आपला गोळी दिली की टक्कन बटण दाबून मोकळा."

"आणि तुम्ही नोंदी कधी पुसल्या आहेत?"

नाना उभे राहिले. ते रागावतील असं मुंगीला वाटलं होतं. पण त्यांचा आवाज उलट बारीक झाला. "ताई, माझ्या नातवाच्या वयाचा आहे तो. त्याच्या पोटावर पाय देईन मी? एवढंच म्हणतो, तक्त्यात माझं काम चोख दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. तो गेला तेव्हा मी एक शब्दही बोललो नाही. त्याची लाज वाटते म्हणा हवं तर. पण पुसलं नाही."

नाना दाराबाहेर गेले.

"चला," आत्या म्हणाली. "तक्ता बाजूला ठेवू. तक्ता म्हणजे संगणकानं आपल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. प्रश्न न विचारता, सगळ्या नोंदी जशा पडल्या आहेत तशा उघडून बघू."

पडद्यावर ओळीच ओळी उमटल्या. आत्यानं शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

लंबूच्या नोंदी तिथे होत्या. इंजेक्शन होतं. भुरीची गोळी होती. एकही गेली नव्हती.

४

"म्हणजे कुणीच पुसलं नाही?" आईनं विचारलं.

"कुणीच नाही."

"मग तक्त्यात का नाहीत? तक्ता यातूनच निघतो ना?"

आत्या पडद्यात डोकं खुपसून बसली होती. तिचा चष्मा डोक्यावरून घसरून नाकावर आला होता, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं.

मुंगी हळूच जवळ आली. मघाशी तोंड पोळलं होतं, म्हणून आता तिनं आधी नीट बघितलं. खूप वेळ बघितलं. प्रत्येक नोंदीत आधी तारीख होती आणि तारखेच्या पुढे वेळ. लंबूच्या वेळा सगळ्या वेगवेगळ्या; कुठे सकाळ, कुठे दुपार, भुरीची गोळी संध्याकाळी. नानांच्या मात्र...

"आत्या," ती म्हणाली, "मी कुणाला काही म्हणत नाहीये हं. नुसतं विचारते. नाना मांजरांना मध्यरात्री औषध देतात का?"

"काय?"

"सगळ्यांपुढे रात्रीचे बारा लिहिलेत."

दारातून नानांचा आवाज आला. ते गेलेच नव्हते तर! "बारा वाजता? बारा वाजता मी घोरत असतो! घरी विचारा, भिंती हलतात!"

आई हसली. आत्या मात्र हसली नाही. तिनं आधी नानांच्या नोंदींकडे बघितलं, मग लंबूच्या. मग तिनं एक वेगळीच खिडकी उघडली. तक्ता काढण्यासाठी संगणकाला जो प्रश्न विचारला जातो, तो तिथे लिहिलेला होता. आत्यानं स्वतः लिहिलेला.

ती एकदम खुर्चीत मागे टेकली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"वहिनी," बोटांआडून ती म्हणाली, "चोर सापडला. चोर मी आहे."

५

आता मुलांनो, इथे जरा सावकाश चला. आत्यानं मुंगीला जसं समजावलं, तसंच सांगतो.

"जुन्या संगणकात नोंदीला फक्त तारीख होती," आत्या म्हणाली. "वेळ लिहायला जागाच नव्हती. त्याला विचारायचं, 'पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचं सगळं दे.' तो द्यायचा. शेवटची तारीख म्हणजे अख्खा दिवस. बरोबर?"

"बरोबर."

"नवा संगणक तारखेबरोबर वेळही ठेवतो. 'आत्ता' बटण दाबलं की त्या क्षणाची वेळ लागते. पण नानांसारखं कुणी नुसती तारीख लिहिली, वेळ लिहिलीच नाही, तर तो काय करेल? रिकामी जागा त्याला चालत नाही. तो तारीख जिथे सुरू होते ती वेळ धरतो. रात्रीचे बारा."

"म्हणून नाना मध्यरात्री!"

"हो. आता माझा प्रश्न बघ. मी जुन्या संगणकाचा प्रश्न जसाच्या तसा इथे आणून ठेवला. 'शेवटच्या तारखेपर्यंत.' त्यातही वेळ नाही. मग या प्रश्नातल्या तारखेला तो कोणती वेळ धरेल?"

मुंगीनं विचार केला. "तीच. रात्रीचे बारा. दिवस सुरू होतानाचे."

"म्हणजे दारावर असा रखवालदार उभा आहे, की शेवटचा दिवस उजाडायच्या आधीच, बाराचा ठोका पडला रे पडला, की दार लावतो. नेमका त्या ठोक्याला जो उंबऱ्यावर असेल तो आत."

"नाना!"

"आणि त्यानंतर दिवसभर जो जो येईल तो बाहेर. सकाळचं इंजेक्शन बाहेर. संध्याकाळची गोळी बाहेर. ज्यानं काम केल्या केल्या प्रामाणिकपणे बटण दाबलं, तोच चोर ठरला. आणि नाना वाचले, ते निव्वळ बटणावर विश्वास नसल्यामुळे."

"पण ताई, तू तर तपासलं होतंस," आई म्हणाली.

"तपासलं होतं. जुन्या नोंदींवर." आत्याचा आवाज बसला. "त्या सगळ्या जुन्या संगणकातून आलेल्या, त्यांना वेळ कुठली? सगळ्या रात्री बाराच्या. सगळ्या बरोब्बर आत आल्या. मी खूश झाले, मिरवलं. नवी एक नोंद करून बघायचं मला सुचलंच नाही. आणि आज इथे येऊन नानांना विचारलं, नोंदी पुसल्यात का म्हणून. कोणत्या तोंडानं विचारलं मी?"

तिनं प्रश्न दुरुस्त केला. फार मोठं काम नव्हतं. 'शेवटच्या तारखेपर्यंत' हे काढलं आणि त्या जागी लिहिलं, 'पुढच्या महिन्याची पहिली तारीख सुरू व्हायच्या आधीचं सगळं'. नवा तक्ता निघाला. त्यात शेवटचा दिवस पुरता होता, आणि भुरीच्या नावापुढे संध्याकाळची गोळीही होती.

आई त्या ओळीकडे बघत राहिली. "म्हणजे गोळी पोटात असूनही हिला फिट आली. गोळी कमी पडतेय. मी तर लंबूला दोष देऊन तेवढीच चालू ठेवणार होते." तिनं कागद खाली ठेवला. "रोज माझ्या हाताखाली काम करतो तो. मी कागदाला विचारलं, पण त्याचा शब्द ऐकला नाही."

दारात उभ्या नानांनी घसा खाकरला. "आता शब्द मोडतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्या रात्रशाळेत चाचणी असते. लहानपणी शाळा सुटली, आता पुन्हा बसलाय. एवढा ताडमाड, आणि वर्गात सगळ्यात मागे. त्याला त्याची लाज वाटते. म्हणून बोलला नाही."

मुंगीनं गुडघ्यात डोकं घातलं. सकाळी ते लाल झालेले कान बघून तिची खात्रीच पटली होती. तिला वाटलं होतं, पकडला गेला म्हणूनच तो लाजला.

६

"मी त्याला फोन करते," आत्या म्हणाली. केला. वाजत राहिला. पुन्हा केला. कुणी उचलेना.

"त्याच्या घरी जाऊ," आत्या उठली. "चूक माझी, माफीही मीच मागणार. मुंगे, तू आपल्या घरी जा हवं तर. तुझ्या वतीनंही मीच सांगते. तू लहान आहेस, तो समजून घेईल."

मुंगीला ते फार सोपं वाटलं. लहान असणं कधी कधी किती सोयीचं असतं! घरी जायचं, अंगावर पांघरूण ओढायचं. सकाळपर्यंत सगळं मिटलेलं असेल. चूक तर संगणकाची होती. नाही, आत्याची होती. तिनं तर फक्त कागदावरचं वाचलं होतं.

फक्त वाचलं होतं? नुसतं वाचायचंच होतं, तर कागद आईच्या हातात देऊनही भागलं असतं. भरल्या खोलीत ओरडायला कागदानं सांगितलं नव्हतं.

"मी येते," ती म्हणाली.

लंबूचं घर एका अरुंद गल्लीत होतं. दिवेलागणीची वेळ. पायऱ्यांवर शेजारच्या दोघी-तिघी गप्पा मारत बसल्या होत्या. आत्यानं स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावली, आणि मग हेल्मेट काढायला, चष्मा पुसायला, डिकीला कुलूप लावायला तिला उगाचच वेळ लागायला लागला. मोठ्या माणसांचंही असं होतं बरं का.

मुंगी थांबली नाही. ती पुढे गेली आणि तिनं कडी वाजवली.

दार लंबूच्या आईनं उघडलं. हात पिठाचे, चेहरा काळजीत.

"कोण गं बाळ?"

"दवाखान्यातून आले. डॉक्टरांची मुलगी."

बाईंनी घाईघाईनं दार मागून ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बरं झालं आलीस. सकाळीच परत आला तसा भिंतीकडे तोंड करून पडलाय. जेवला नाही. विचारलं तर म्हणतो, काही नाही. खरं सांग बाळ, त्यानं तिथे काही केलं का?"

पायऱ्यांवरच्या गप्पा थांबल्या होत्या. मुंगीला वाटलं, हळूच सांगावं, बाईंच्या कानात. मग तिनं ओढून घेतलेल्या दाराकडे बघितलं. ते पुरतं लागलं नव्हतं.

"त्यानं काही नाही केलं," ती म्हणाली. "मी केलं." आणि सकाळी जितक्या मोठ्यानं ओरडली होती तितक्याच मोठ्यानं, आतल्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.